नांदेड ते लातूर, पाठीवर गाडी धुवायची मशीन घेऊन

शनिवारी सकाळी मी नांदेडहून लातूरला निघालो तो देवदर्शनाला नाही, पर्यटनाला तर नाहीच. माझा मावसभाऊ गजानन याची गाडी धुवायची छोटी मशीन बंद पडली होती, आणि त्या मशीनची तारीफ याच ब्लॉगवर मी केली होती. ती वाचून या भल्या माणसाने शोरूमची नोकरी सोडली, मशीन घेतली आणि लातुरात दारोदार जाऊन मोटारसायकली धुवायला लागला. सोमवारपासून एका मोठ्या वसतिगृहातल्या सगळ्या गाड्या त्याला मिळणार होत्या. मशीन चालली नाही तर ते काम दुसऱ्याला. "दादा, तुमाला त्यातलं लई कळतं, तुमीच या," असा त्याचा फोन आला. मला त्यातलं कळतं, असं तोवर मलाही वाटत होतं.

ज्यांनी ही वस्तू पाहिली नाही त्यांच्यासाठी: डब्याएवढा पंप, एक नळी बादलीत, दुसऱ्या नळीच्या टोकाला पिचकारी आणि बॅटरीला लावायचे दोन चिमटे. खोक्यावर पांढऱ्या शर्टातला एक माणूस चिखलाने भरलेली गाडी धुतोय आणि शर्टावर थेंबही नाही. माझ्याकडची तसलीच मशीन मी सुट्या भागांसाठी म्हणून बॅगेत घातली.

रस्ता लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर असा सरळ आहे. टाकी भरून निघा, पुन्हा भरावी लागत नाही. लोह्याहून कंधारच्या किल्ल्याकडे वळता येतं, पण मी वळलो नाही. रस्ता आता छान झाला असं सांगणारे सगळे चारचाकीत काचा लावून बसतात. दुचाकीवाल्याला मध्येच खडी आणि टँकरने शिंपडलेल्या मातीचा राडा मिळतो. मला तो लोह्याच्या पुढे मिळाला, गुडघ्यापर्यंत.

तिथेच एका हॉटेलात थांबलो. गरम सुशीला आणि चहा पन्नास रुपयांच्या आत झाला. सुशीला म्हणजे भिजवून फोडणीला घातलेले मुरमुरे. ज्यांना हा नाश्ता वाटत नाही त्यांनी शहरातच राहावं. खाऊन झाल्यावर मला हुक्की आली. हॉटेलवाल्या काकांकडून बादलीभर पाणी घेतलं, चिमटे गाडीच्या बॅटरीला लावले आणि चारचौघांसमोर धुलाई सुरू केली. पंधरा मिनिटं छान चालली. मग मशीनची वायर तापली, जळका वास आला आणि सगळं गप्प. बटण दाबलं तर गाडीही गप्प. खोक्यावर छापलं होतं की दुचाकीच्या बॅटरीवर आरामात चालते. गाडी पुन्हा सुरू होईल असं मात्र कुठे छापलं नव्हतं.

काका गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "मोटारसायकल धुवाया मोटारसायकलच मारली व्हय?"

चार जणांनी उताराला ढकलली तेव्हा गाडी धडपडत सुरू झाली. ढकलणाऱ्यांना चहा पाजला.

लातुरात गजानन चौकात उभाच होता. त्याच्याकडून कळलं, तोही गिऱ्हाइकांच्याच बॅटरीला चिमटे लावायचा, कारण मी तसं लिहिलं होतं. एका शिक्षिकाबाईंची गाडी त्यामुळे सकाळी सुरूच झाली नाही आणि त्यांची शाळा चुकली. आधी आम्ही कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेलो. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! आत मोबाईलची कव्हरं लटकत होती. तिथल्या माणसाने मशीन हातातही घेतली नाही. "हे रिपेर होत न्हाई. नवीन घ्या, ऑफर चालू हाय," एवढं बोलून तो पुन्हा फोनमध्ये गेला.

बाहेर आल्यावर गजानन हळूच म्हणाला, "शेतीच्या दुकानांकडं जाऊ का? तिथं एक चाचा फवारणीचे पंप खोलून दुरुस्त करतेत." मी मनात हसलो. औषध फवारायच्या पंपवाल्याला यातलं काय कळणार?

चाचांनी गजाननच्या मशीनचे चार स्क्रू काढले आणि माझंच हसं झालं. "ये तो फवारणीचाच पंप हाय की! वरून रंगीत डबा घातलाय." आतल्या झडपेवर बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसला होता आणि त्यात रेती अडकली होती. बादलीतल्या नळीच्या तोंडाची जाळी जागेवर नव्हती. चाचांनी चष्म्यावरून पाहिलं.

"जाळी काढाया कोन्या शहाण्यानं सांगितलं?"

सांगितलं होतं मी. 'जाळी काढून टाका, प्रेशर दुप्पट होतं,' हे वाक्य माझंच, तेही ठळक अक्षरात. नांदेडला नळाच्या पाण्यावर बसून लातूरच्या बोअरवाल्याला सल्ला! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

"मीच काढली, चाचा," गजानन म्हणाला. "घान अडकायली म्हणून." माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

मला त्या क्षणी बोलता आलं असतं. मी बोललो नाही. याची लाज मला अजून वाटते.

माझ्या मशीनचा पंप आणि त्याच्या मशीनची धड वायर, अशा दोन मेलेल्यांतून चाचांनी एक जिवंत केली. वर फवारणी पंपाची वेगळी बॅटरी दिली, ती रात्री घरी चार्ज करायची आणि खांद्याला अडकवून न्यायची. नळीला जाळी बसवली, तिच्यावर सुती कापड बांधलं. दुकानासमोर गजाननने माझी गाडी धुतली. अर्ध्या बादलीत.

रविवारी परतलो. सोमवारी दुपारी त्याचा फोन आला, "झाल्या दादा, सगळ्या गाड्या झाल्या." जाळीचा विषय त्याने काढला नाही, मीही नाही.

मग मी तो जुना लेख उघडला. खाली धन्यवादांची रांग होती. सगळ्यात वरची प्रतिक्रिया कालचीच, इस्लापूरच्या एका वाचकाची: "सर, तुमचं वाचून जाळी काढली. लई भारी चालून राहिली. आता भावालाबी घेऊन देतो."

त्याला लिहिलं की आजच्या आज जाळी परत बसवा, गाडीच्या बॅटरीला हात लावू नका, आणि भावासाठी घ्यायच्या आधी फवारणी पंपवाल्याला भेटा. शेवटी हेही लिहिलं की तो लेख लिहिला तेव्हा मी ती मशीन फक्त दोनदा वापरली होती.