खसखशीची पिशवी

मंगळवारी शाळेत तिसरा तास चालू होता. पोस्टमन वर्गाच्या दारात आला आणि त्यानं पत्र दिलं. पत्रावरचं तिकीट परदेशाचं होतं. अक्षर भावाचं नव्हतं. भावाबरोबर विमानानं गेलेल्या माणसानं हिंदीत लिहिलं होतं: तुमच्या भावाला विमानतळावर पोलिसांनी पकडलं. त्याच्या बॅगेत खसखस होती. तो तुरुंगात आहे. मी पत्र खिशात ठेवलं आणि घंटा होईपर्यंत शिकवलं. फळ्यावर अपूर्णांक होते.

मी तेव्हा जिंतूरच्या एका शाळेत मास्तर होतो. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. त्यानं परभणीला आयटीआयमधून वायरमनचं शिक्षण घेतलं होतं आणि येलदरीच्या धरणावर वीजघरात रोजंदारीनं लागला होता. कायम करतील म्हणून चार वर्षं वाट पाहिली. अठ्ठ्याहत्तर साली, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर, गावातलं आमचं घर जाळलं तेव्हा तो शाळेत शिकत होता. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी जिंतूरला आलो. त्यानंतर गावाचा विषय निघाला की तो उठून जाई. पुढं मुंबईच्या एका एजंटामार्फत आखातातल्या एका देशात कामाची चिठ्ठी आली, तेव्हा त्यानं कुणालाच विचारलं नाही. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. कायदा त्यांचा होता. चूक आमच्या घरात झाली.

परक्या ठिकाणी जाण्याआधी तिथले नियम माहीत करून घ्यायचे, हे आमच्या घराला नवं नव्हतं. बाबा तरुणपणी गावकीच्या कामात होते. कुणी मेलं की नातेवाइकांच्या गावी निरोप घेऊन पायी जायचं, हे त्यांच्याकडं असे. दुसऱ्या गावाच्या शिवेवर थांबून ते आधी चौकशी करत: पाण्याची वाट कुठली, जोडे कुठं काढायचे, आवाज कुठून द्यायचा. धर्मांतरानंतर त्यांनी ते काम सोडलं, पण ती सवय राहिली. मला त्या सवयीचा राग येई. मी पुस्तकं वाचलेला माणूस. मला वाटायचं, नियम म्हणजे माणसाला खाली बसवायची युक्ती. कुठल्याही बंदीकडं पाहिलं की मी तिच्यात अपमान कुठं आहे तेवढंच शोधत असे.

एजंटानं एक छापील कागद दिला होता, इंग्रजी आणि अरबीत. काय न्यावं, काय नेऊ नये. तो वाचून सांगायचं काम माझ्याकडं आलं. दुपारची वेळ होती. बाबा भिंतीला टेकून बसले होते, माय तांदूळ निवडत होती, भाऊ बॅगेचं कुलूप उघडझाप करून बघत होता.

"दारू," मी वाचलं.

"पुढं," भाऊ म्हणाला.

"डुकराचं मांस. दुसऱ्या धर्माच्या मूर्ती, पुस्तकं, तसबिरी. नको ती चित्रं. अफू, गांजा आणि त्यापासून झालेली कुठलीही वस्तू."

भाऊ हसायला लागला. "दादा, अफू कोन खायलंय आपल्यात? बाबाला बिडी पुरंना."

"माझ्या बिडीवर नको येऊस," बाबा म्हणाले. "मूर्तीचं काय म्हनलं त्येनं? पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. भावाच्या बॅगेत बोटभर उंचीची पितळी बुद्धमूर्ती होती. मायनं ती त्याच्या सदऱ्यात गुंडाळून ठेवली होती. त्या मूर्तीवरून आम्ही तासभर भांडलो. मी म्हणालो, हा अन्याय आहे. माणसानं परदेशात राबायचं आणि स्वतःचा बुद्धही खिशात ठेवायचा नाही. भावानं शांतपणे सदरा उलगडला, मूर्ती काढली आणि मायच्या हातात दिली. "ऱ्हाऊ दे हितंच. मी काय तिथं धम्म सांगाय जायलो का? वायरी वढाय जायलोय."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक टेलर होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी त्याच देशात चार वर्षं शिवणकाम केलं होतं. बाबांच्या सांगण्यावरून आम्ही त्यांच्याकडं गेलो. चाचांनी मशीन थांबवलं, चहा मागवला आणि बोटांवर मोजत सांगितलं.

"मूर्ती नक्को. किताब नक्को. दारू का तो नामच नक्को लेव. रस्ते में फोटू नई खींचनेका. औरताँ की तरफ देखनेका बी नई. नमाज के टैम पे दुकानाँ बंद रैते, चुपचाप खड़े रैनेका."

"और खाने का?" भावानं विचारलं.

"खाने का क्या बी लेके जाव, कोई नई पूछता. मैं तो अचार ले गया, पापडाँ ले गया. तू तेरी माँ के हात की चटनी लेके जा, मेरे कू याद करके खा."

भाऊ खूश झाला. येताना म्हणाला, "बघ दादा, तुझ्या कागदापरीस चाचा बरा."

भावाला लहानपणापासून अर्धशिशी होती. ऊन लागलं की डोकं उठे, मग दोन दोन दिवस तो अंधारात पडून राही. मायकडं त्यावर एकच औषध होतं. खसखस रात्रभर भिजत घालायची, पाट्यावर बारीक वाटायची, दुधात उकळून गुळाबरोबर द्यायची. ती प्यायली की त्याला झोप लागे. तो देश उन्हाचा. मायनं बाजारातून पावशेर खसखस आणली, निवडली, उन्हात वाळवली आणि मांजरपाटाची पिशवी शिवून तिच्यात भरली. चटणी, मेतकूट, सुंठ, ओवा, प्रत्येकाची अशीच वेगळी पिशवी होती.

मला नीटनेटकेपणाची खोड आहे. वह्यांवर, कपाटांवर, डब्यांवर चिठ्ठ्या लावायची. मी म्हणालो, तिथल्या पोलिसांना मराठी येत नाही. पिशव्यांत काय आहे ते कळलं नाही तर उगाच संशय घेतील. आपण प्रत्येकीवर इंग्रजीत नाव लिहू. सगळ्यांना ते पटलं. मी कोश काढून बसलो. सुंठीचं नाव येत होतं, ओव्याचं शोधावं लागलं. खसखशीसमोर लिहिलं होतं, पॉपी सीड. मी पॉपी हा शब्दही उघडून पाहिला. तिथं लिहिलं होतं: एक झाड, ज्याच्या बोंडापासून अफू निघते.

मी ते वाचलं. ते मला माहीतही होतं. बोंडाला चिरा देतात, चीक निघतो, तो अफू. आणि बोंड वाळलं की आत राहते ती खसखस. हे मी कुठल्यातरी पुस्तकात पूर्वीच वाचलेलं होतं. मला आठवतं, मी क्षणभर थांबलो. मग मनाशी म्हणालो, बी म्हणजे काही अफू नव्हे. घरोघरी मसाल्यात घालतात, बाळंतिणीला देतात. ज्या कागदातली मूर्तीची ओळ मी तासभर भांडत वाचली, त्यातली अफूची ओळ मी पुन्हा काढून पाहिली नाही. चांगल्या अक्षरात चिठ्ठी लिहिली, पिशवीला सुईदोऱ्यानं टाचली. भाऊ म्हणाला, "दादाचं अक्षर छापल्यावानी हाय."

परभणीहून तो गाडीत बसला. खिडकीतून म्हणाला, "मायला सांग, पोचल्या पोचल्या पत्र टाकतो." ते पत्र आलं नाही. वर सांगितलं ते आलं.

त्याच माणसाचं दुसरं पत्र महिन्याभरानं आलं. भावानं कोर्टात सांगितलं होतं की ही खायची वस्तू आहे, आपल्याकडं औषध म्हणून देतात, तिथं बंदी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. कोर्टानं पिशवी दाखवली. नाव स्पष्ट लिहिलेलं होतं, त्यांच्या यादीतल्यासारखंच. माहीत नव्हतं तर लिहिलं कुणी, असं विचारलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही, "मीच लिहिलं" असं सांगितलं. शिक्षा सहा वर्षांची झाली.

बाबांना मी खरं सांगितलं. चिठ्ठीचंही सांगितलं. त्यांनी हातातली बिडी विझवली. मग म्हणाले, "इचारायचं कुनाला आसतंय? जो तिथं मार खाऊन आलाय त्येला. चाचा तिथं सुखानं ऱ्हायला. त्येला काय ठाव. आन् तू तर वाचलं व्हतं."

चाचांना कळलं तेव्हा ते घरी आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणाले, "हमारे घर में खसखस नई डालते, मास्तर. मेरे कू क्या मालूम. अल्ला कसम, मालूम रैता तो बोला रैता." मी म्हणालो, तुमची चूक नाही. ते खरंच होतं, पण माझ्या आवाजात ते खरं वाटलं नसावं. त्यानंतर आम्ही त्यांच्याकडं कपडे शिवायला टाकले नाहीत. त्यांनीही कधी विचारलं नाही.

मायला मी सांगितलं, कागदपत्रांचा घोळ झाला आहे, म्हणून अडकवून ठेवलंय.

"मंग तू नीट कर की कागदं," ती म्हणाली. "मास्तर हाईस न्हवं?"

मी कागदं केली. दिल्लीला अर्ज पाठवले, वकिलातीला पाठवले, मुंबईच्या कचेरीत पाठवले. इंग्रजी चांगलं होतं. आमच्याकडं खसखस कशी वापरतात ते लिहिलं, अर्धशिशीचा दाखला जोडला, मास्तर असल्याचा दाखला जोडला. चिठ्ठी मी लिहिली हेही लिहिलं. उत्तरं येत. आपला अर्ज मिळाला, पुढं पाठवला आहे. एकदा मुंबईहून कळवलं की अमुक दिवशी समक्ष येऊन भेटा. त्या आठवड्यात नामांतरासाठी बंद होता. मी स्वतः दोन दिवस आधी मोर्चात चाललो होतो, घोषणा दिल्या होत्या. नेमकं निघायच्या दिवशी जिंतूरहून एकही एस.टी. सुटली नाही. दुसऱ्या दिवशी एका ट्रकवाल्यानं परभणीपर्यंत नेलं. मुंबईला पोचलो तेव्हा ज्या साहेबांना भेटायचं होतं ते बदलीवर गेले होते. नव्या साहेबांनी अर्जाची प्रत मागितली. मी दिली. त्यांनी वाचून विचारलं, "तुम्ही शिकलेले दिसता. मग हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?" ते वाईट बोलले नव्हते.

भावाची तीन पत्रं आली. तिथं मराठीत लिहू देत नसत, पत्रं तपासायला मराठी वाचणारं कुणी नव्हतं म्हणून. त्यानं इंग्रजीत लिहिली. त्याचं इंग्रजी कच्चं होतं. मी शिकवायला बसलो की तो पळून जाई. एकेका पत्रात चार-पाच ओळी. मी बरा आहे. जेवण बरं आहे. मायची तब्येत कशी आहे. दादा, अर्ज लिहीत राहा. तिसऱ्या पत्रात फक्त एवढं जास्त होतं की उन्हाळा सुरू झाला आहे. ही पत्रं मी मायला मराठी करून वाचून दाखवत असे, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन ओळी माझ्या पदरच्या घालत असे. कचेरीतले लोक चांगले आहेत, कागद बघतायत, असं काहीबाही. ती म्हणे, "लय कमी लिव्हतो. हातात काम आसंल."

चौथं पत्र सरकारी होतं. शिक्षेच्या तिसऱ्या वर्षी तो तुरुंगाच्या दवाखान्यात तापानं वारला होता. पत्र यायला अडीच महिने लागले होते. तोवर दफन झालेलं होतं. तिथं दहनाला परवानगी नाही, आणि प्रेत परत नेण्याची विनंती मुदतीत आली नाही, असं लिहिलं होतं. मुदत कधीची होती ते आम्हाला त्या पत्रातूनच कळलं.

मायला सांगणं मला भाग होतं. ती चुलीपाशी बसली होती. मी खाली बसलो आणि सांगितलं. ती रडली नाही. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"कंच्या दुखन्यानं?"

"तापानं."

"उन्हाचा ताप," ती म्हणाली. "डोकं उठलं आसंल त्याचं. खसखस व्हती की रं जवळ. वाटून द्यायला कुनी न्हवतं."

मी तिला तेव्हा सांगू शकलो असतो. सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही. ती आल्यागेल्याला हेच सांगायची, औषध दिलं होतं बरोबर, पण वाटून देणारं माणूस नव्हतं. बाबा तिथं असले तर उठून बाहेर जात.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या दिवशी वस्तीत दिवे लागले. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मीही त्यांच्यात उभा होतो. एका जुन्या विद्यार्थ्यानं माझ्या तोंडात पेढा घातला आणि म्हणाला, "सर, जिंकलो." मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सोळा वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं, आणि मला घरी कुणाला सांगावं ते सुचेना. घरी माय झोपली होती.

शाळेत मी पुढं बरीच वर्षं काढली. आखातात निघालेली पोरं कागद वाचून घ्यायला माझ्याकडं येत. मी एकेक ओळ तीनदा वाचून सांगे, बॅगा उघडायला लावी, मसाल्याचे डबे काढून ठेवायला लावी. ती कंटाळत, एकमेकांकडं बघून हसत. एकजण म्हणाला, "मास्तर, इतकं कुनी बघत न्हाई वो तिथं." तो सुखरूप गेला आणि सुखरूप आला. बहुतेक सगळेच आले. त्यानं माझ्या बाबतीत काही बदललं नाही.

बाबा गेले, त्यानंतर दोन वर्षांनी माय गेली. मी निवृत्त झालो आहे आणि जिंतूरच्या त्याच घरात राहतो. भावाची कबर त्या देशात आहे. ती कुठल्या गावात आहे ते मी चार वेळा लिहून विचारलं. उत्तर आलेलं नाही.