भिंती फार चांगल्या आहेत

शाळेतून निवृत्त झाल्यावर आपल्याकडे सांगण्याजोगे काही उरणार नाही, अशी माझी समजूत होती. गृहनिर्माण संस्थेची सचिव झाले आणि ती खोटी ठरली. अर्जाला उत्तर मिळत नाही, नकाशाला मंजुरी मिळत नाही. किस्से मात्र न मागता मिळतात आणि त्यांना कोणाचा शिक्काही लागत नाही.

सांगलीहून कुपवाडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमची वस्ती आहे. पत्र्याच्या खोल्यांची एक लांबच लांब रांग, तिच्या पुढच्या अंगाला दुकाने आणि वर्कशॉप, मागे मोकळे मैदान. या खोल्या पाडून, कोणा बिल्डरचे पाय न धरता, सरकारी योजनेतून आपली इमारत आपणच बांधायची, असे आम्ही रहिवाशांनी ठरवले. खाली वर्कशॉप, वर परवडतील अशी घरे. अध्यक्ष अल्ताफभाई, त्यांचे लेथचे काम. सभासदांत सर्वांत वडील बिराप्पाअण्णा आणि त्यांच्या पत्नी हौसाक्का. मेंढरे विकून कवठे महांकाळकडून इकडे आले, त्याला आता पुष्कळ वर्षे झाली.

हौसाक्कांच्या खोलीची मागची भिंत आत फुगून आली होती. अण्णांनी मला पहिल्याच दिवशी बजावले, "बाई, पुढल्या सालच्या पावसाळ्याच्या आत मंजुरी आली तर थांबतो. न्हाईतर हिला घिऊन गावाकडं जातो. भिंतीखाली मरण्यापरीस माळावर मेलेलं बरं."

हौसाक्का मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आवं बाई, मला न्हाई जायाचं. तितं जल्मभर डोक्यावरनं पाणी वाह्यलंय म्या. सैपाकघरात नळ पायजे, एवढंच लिवा अर्जात."

मी लिहिले.

*

पहिल्या सभेला आर्किटेक्ट आले. तरुण, नम्र, हातात गुंडाळलेला नकाशा. कोणाला कितवा मजला हवा, असे त्यांनी विचारले. अल्ताफभाईंचे लेथ जड, म्हणून त्यांना तळमजला. शेजारच्या शिलाईवाल्या काकूंना गिऱ्हाईक दारात लागते, म्हणून तळमजला. बिराप्पाअण्णांच्या दोन शेळ्या. "शेळ्यास्नी लिफ्ट चालती का?" त्यांनी गंभीरपणे विचारले.

"अण्णा, शेळी चढंल वर. पण रोज खाली कोण आणणार?" अल्ताफभाई म्हणाले.

तासाभरात सर्वांनी तळमजला मागितला. अखेर अण्णांनीच तोडगा काढला. "हितं जागा लांब हाय. मग बिल्डिंग आडवीच बांधू की."

आर्किटेक्टांनी नकाशा शांतपणे पुन्हा गुंडाळला. म्हणाले, "अण्णा, तिलाच चाळ म्हणतात. तीच आपण पाडतोय."

*

मग संमतिपत्रे. प्रत्येक खोलीमालकाची सही आवश्यक. रांगेतील शेवटची खोली संपतरावांची. ते विट्याचे, गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोने आटवण्याच्या कामात, कित्येक वर्षे दूर दक्षिणेत. खोलीला कुलूप, आणि कुलपाला गंज.

मी फोन केला. ते आदराने बोलले. "बाई, तुमच्या शब्दाबाहेर मी न्हाई. जत्रंला येतोय, तवा सही करतो."

सारी वस्ती त्यांच्या गावच्या जत्रेची वाट पाहू लागली. जत्रा आली, संपतराव आले. आम्हां सर्वांना गावी बोलावून त्यांनी अगत्याने जेवू घातले. मी पिशवीतून कागद काढला, तर ते हात जोडून म्हणाले, "जत्रंच्या दिवशी जागंच्या कागदावर सही करत न्हाईत आमच्यात. पुढच्या वर्षी एक दिस आधी येतो."

परतताना टेम्पोत अण्णा म्हणाले, "ऱ्हाणाऱ्यांची काय बी हरकत न्हाई. हरकत कुलपाची हाय."

पुढे ती सही टपालाने आली. सात महिने गेले, इतकेच.

*

यापुढचा किस्सा माझ्या चुकीचा आहे. तो मी टाळणार नाही.

घरे मोडकळीस आली आहेत की नाहीत, हे पाहण्यास योजनेच्या कार्यालयातून साहेब येणार होते. आदल्या आठवड्यात मी सर्वांना एकत्र करून सांगितले, की पाहुणा येणार आहे. घर नीटनेटके असावे, अंगण झाडलेले असावे, कोणी बनियनवर उभे राहू नये. छत्तीस वर्षे शाळा तपासणीच्या आधी मी मुलांना हेच सांगत आले होते.

वस्तीने माझा शब्द खाली पडू दिला नाही. अल्ताफभाईंच्या कामगारांनी सुट्टीच्या दिवशी प्रत्येक भेग सिमेंटने बुजवली. भिंतींना चुना झाला. फुगलेल्या भिंतीपुढे हौसाक्कांनी शिलाईवाल्या काकूंचे कपाट आणून लावले, त्यावर फुलांचे कापड घातले. दारोदारी रांगोळी. साहेबांना पोहे, वर खोबरे.

साहेब प्रसन्न होऊन गेले. महिन्याने अहवाल आला: घरे सुस्थितीत, भिंती भक्कम, राहणीमान समाधानकारक. योजनेस अपात्र.

मी तो सभेत वाचून दाखवला. कोणी मला दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते. अल्ताफभाईंनी एवढेच विचारले, "बाई, आता भेगा परत पाडायच्या का?"

"कशाला पाडताय?" अण्णा म्हणाले. "पावसाळ्यापत्तूर थांबा. आमची भिंत सोताच साहेबाला कळवंल."

*

अपील घेऊन मी कार्यालयात गेले. खुर्चीतील अधिकारी माझाच विद्यार्थी निघाला. तो उठला, वाकून नमस्कार केला, स्वतःची खुर्ची दिली. मला वाटले, आता काम झाले.

"बाई, तुमचा मूळ अर्ज आम्ही जपून ठेवलाय," तो म्हणाला. "इतका मुद्देसूद अर्ज आमच्याकडे येतच नाही. त्याच्या प्रती काढून नमुना म्हणून सगळ्यांना देतो. त्यावरून दोन वस्त्या मंजूरही झाल्या."

"आणि आमची?"

त्याने मान खाली घातली. वर्गात उत्तर येत नसे, तेव्हाही तो अशीच घालायचा.

"तुमच्या भिंती फार चांगल्या आहेत, बाई."

*

मे महिन्याच्या अखेरीस एके सकाळी कार्यालयात अपिलाचे उत्तर हाती मिळाले. नामंजूर. पुढे दाद मागण्याची सोय नाही. पत्र पिशवीत घालून मी वस्तीकडे निघाले. आधी हौसाक्कांना सांगावे, असे मनाशी ठरवले होते.

खोल्यांत कोणीच नव्हते. सारे मागच्या मैदानात होते. कागदावरचा नकाशा कोणाला उमगत नाही, म्हणून अल्ताफभाईंनी पहाटे उठून, टेप लावून, पांढऱ्या फक्कीने घरे खऱ्या मापात जमिनीवर आखली होती. खो-खोचे मैदान आखतात, तशी. ज्याचे घर त्यात तो उभा. शिलाईवाल्या काकू मशीन कोणत्या खिडकीशी ठेवावे, याचा विचार करत होत्या. अण्णा आपल्या घरात उकिडवे बसून विडी ओढत होते आणि हौसाक्का त्यांना बाहेर जाऊन ओढायला सांगत होत्या.

अल्ताफभाईंनी माझा चेहरा पाहिला. हातातली फक्कीची बादली त्यांनी खाली ठेवली.

मी सरळ हौसाक्कांकडे चालू लागले. पत्रासाठी पिशवीत हात घातला, तोच त्यांनी मला दुरूनच थांबवले.

"आवं बाई, भिंतीतनं कुटं येताय? दार तिकडनं हाय."

मी मागे सरले. रेषेबाहेरून वळसा घालून दाराशी गेले आणि चपला काढल्या.