तिसरी किक

आमची गाडी तिसऱ्या किकला लागायची. पहिल्या किकला नुसती खोकायची, दुसऱ्या किकला थोडा दम धरायची आणि तिसरीला सुरू व्हायची. बटण होतं, पण ते बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. ते नीट करून घ्यावं असं आमच्या घरात कुणालाच वाटलं नाही.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती घेतली तेव्हा मी दुसरीत होतो. काळ्या रंगाची, टाकीवर दोन लाल पट्टे. अर्धापूरच्या बाजाराला जाताना आबा मला पुढं टाकीवर बसवायचे. वीटभट्टी मागं पडली की म्हणायचे, "मीट डोळे. सांग आता, कुठं आलो?" मी डोळे घट्ट मिटून सांगायचो. अंगाला एकदम गार लागलं की केळीची बाग. ओल्या मातीचा वास आला की कॅनॉल. गाडी लागोपाठ दोनदा उडाली की मोरी, म्हणजे चारीवरचा छोटा पूल. माझं कधी चुकायचं नाही. आबा हसायचे ते मला पाठीला कळायचं.

मी नांदेडला बी.एस्सी.ला लागलो तेव्हा आबांनी किल्ली माझ्या हातात दिली. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तिथं काय शिकवतात, किती तास असतात, हे आबांना माहीत नव्हतं आणि ते विचारायचेही नाहीत. पण रोज सकाळी मी निघण्याआधी ते गाडी पुसून ठेवायचे. शिक्षणातला आपला वाटा तेवढाच, असं त्यांना वाटत असावं. मी तेव्हा हे ध्यानात घेतलं नाही.

शेवटच्या वर्षाला असताना, हिवाळ्यातल्या एका दुपारी, प्रॅक्टिकलसाठी नांदेडला जाताना मी ती गाडी मोरीजवळच्या बाभळीवर घातली.

खरं कारण मी जवळजवळ वर्षभर कुणाला सांगितलं नाही. मी डोळे मिटले होते. मला झोप आली नव्हती, फोनही खिशात होता. वीटभट्टीपासून मोरीपर्यंतचा रस्ता सरळ आहे, दुपारी त्यावर कुणी नसतं. आधी कधीतरी सहज म्हणून मी चार मोजेपर्यंत डोळे मिटून बघितले होते. मग सहा. केळीचा गारवा लागायचा, खालून गाडीची थरथर यायची, आणि मी परत टाकीवर बसलेला असायचो. एकवीस वर्षांच्या मुलानं असं का करावं, हे मला आजही नीट सांगता येत नाही. त्या दिवशी मी किती मोजले ते मात्र पक्कं आठवतं.

मी चारीत पडलो होतो. उजवा हात कोपरापासून वाकडा दिसत होता. बागेत केळीचे घड तोडणारी माणसं पळत आली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं माझं डोकं मांडीवर घेतलं आणि विचारलं, "काय आडवं आलं का रे, बाबा?"

मी "हो" म्हणून मान हलवली.

खोटं बोललो ते एवढंच. त्यापुढचं सगळं दुसऱ्यांनी बोलून घेतलं. दवाखान्यात मायनं विचारलं की आडवं आलं ते जनावर होतं का माणूस. मी म्हणालो, नीट दिसलं नाही. तिनं खालच्या आवाजात विचारलं, "बाईमाणूस होतं का?" मी गप्प राहिलो. त्या मोरीबद्दल गावात आधीपासूनच काहीबाही बोललं जायचं. माझ्या गप्प बसण्यानं त्या बोलण्याला साक्षीदार मिळाला.

प्लास्टर घालून मी घरी आलो तोवर मायनं मोरीवर उतारा ठेवला होता. दहीभात, लिंबू, हिरव्या बांगड्या. आठवड्यात तिथं कुणीतरी दगडाला शेंदूर लावला. गाडी आमच्या दारात कडुलिंबाखाली आणून टेकवली होती. समोरचं चाक तिरकं झालेलं, दिवा फुटलेला, एवढंच वरून दिसत होतं. चुलती येऊन सांगून गेली की बाधलेली गाडी दारात ठेवू नये, ती माणूस घेतल्याशिवाय राहत नाही.

आबा म्हणाले, "लोखंडाला कशाची बाधा?"

ते तेवढं एकदाच म्हणाले. मायनं जेवण सोडलं. रोज सकाळी ती दारातून गाडीकडं बघायची आणि पदर तोंडाला लावायची. चौथ्या दिवशी मुरूडहून मामा मला बघायला आला, नांदेडला माल टाकून रिकाम्या झालेल्या ओळखीच्या टेम्पोतून. त्यानं गाडी बघितली, चाक हलवून बघितलं. म्हणाला की ताईला भ्या वाटत असेल तर मी घेऊन जातो, आमच्याकडं जुन्या गाडीचं कोळपणीचं, पिकातलं तण काढायचं यंत्र करून देणारा एकजण आहे. मायनं तिथल्या तिथं हात जोडले.

गाडी टेम्पोत चढवताना आबांनी तिला मागून धरलं होतं. वर गेल्यावर त्यांनी खांद्यावरचा गमछा काढला आणि टाकी पुसली. मी उंबऱ्यात उभा होतो, हात गळ्यात बांधलेला. "आबा, थांबा," एवढं जरी म्हणालो असतो तरी गाडी खाली आली असती. तोंडापर्यंत शब्द आले होते. पण मग डोळे मिटल्याचं सांगावं लागलं असतं. ज्यांनी तो खेळ मला शिकवला त्यांनाच. टेम्पो वळला, तेव्हा टाकीवरचे लाल पट्टे थोडा वेळ दिसत राहिले.

परीक्षेपर्यंत मी फाट्यापासून ऑटोनं गावाला येत होतो. मोरी आली की ऑटोवाला हॉर्न वाजवायचा, एक हात कपाळाला लावायचा. एकदा त्याच्या शेजारी बसलेल्या भोकरकडच्या पाहुण्यानं विचारलं की हे काय आहे. ऑटोवाल्याला मी मागं बसलोय हे माहीत नव्हतं, किंवा तो मला ओळखत नव्हता. तो म्हणाला, "हितं एक कॉलेजचं पोरगं गेलं ना. बाई आडवी आली. जागीच गेलं म्हणं."

पाहुणा च्‌ च्‌ करत राहिला. मी गुडघ्यावरच्या पिशवीकडं बघत बसलो. मी जिवंत आहे, हे सांगायलासुद्धा मला खरं बोलावं लागलं असतं.

पावसाळ्यात मी एम.एस्सी.साठी लातूरला आलो. तिघांत एक खोली. खाली दूधवाला त्याच बनावटीची गाडी लावायचा. रोज सकाळी तो निघायचा. पहिल्याच किकला त्याची गाडी लागायची, आणि मी अंथरुणात पडून उरलेल्या दोन किकांची वाट बघत राहायचो. त्या काही आल्या नाहीत. खोलीतल्या मुलांना वाटायचं मी अभ्यासाचा विचार करतोय. वर्गातसुद्धा बाहेर एखादी गाडी खोकली की माझा उजवा पाय आपोआप हलायचा.

एका रविवारी मी मुरूडला गेलो. मामीनं सांगितलं की मामा सोयाबीनमध्ये कोळपायलाय. बांधावरून जाताना लांबूनच आवाज आला आणि मी थांबलो. आवाज तोच होता, पण गाडी दिसत नव्हती. पुढच्या बांधावरच्या उंच गवताच्या वर मामाचं फक्त डोकं आणि खांदे सरकत होते, चालत्या माणसापेक्षाही हळू. मी तसाच उभा राहिलो. ती गेली हे मी कसंबसं मनाला पटवलं होतं, आणि ती तर इथं बोलत होती.

मामानं मला बघून यंत्र बंद केलं. मागचं चाक काढून तिथं लोखंडी दांड्यावर दोन चाकं आणि खाली कोळप्याच्या पासा, तण कापायच्या आडव्या पात्या, बसवल्या होत्या. पुढं जुनीच टाकी, जुनंच सीट. लाल पट्ट्यांवर चिखल वाळला होता. मामा खुशीत होता. म्हणाला, "बैलजोडीचं काम एकटी करती, भाच्या. दाणापाणी नको न् शेणकूर नको."

मग त्यानं बिडी पेटवली आणि सहज बोलावं तसं बोलला. "खरं सांगू का? गाडीला काय झालंच नव्हतं. नुसता पुढच्या चाकाचा चिमटा वाकला होता. दोन दिवसांत हुबी राहिली असती. मी दाजींना म्हणलं बी. दाजी म्हणले, गाडीचं मला कळतंय, पण पोरानं डोळ्यानं बघितलंय तर काय बोलू."

मामा म्हणाला, बस, चालवून बघ.

मी पहिली किक मारली. ती खोकली. दुसरी मारली. तिसरीला लागली.

दोन ओळी मी कोळपल्या. इतक्या हळू चालत होती की डोळे मिटले असते तरी काही बिघडलं नसतं. मी पापणीसुद्धा लवू दिली नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मामाला धुरामुळं वाटलं.

मी दिवाळीला घरी गेलो. परत निघायच्या दिवशी मायनं पिशवीत नारळ टाकला. मी आलो-गेलो की मोरीवर नारळ फोडायचा, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आबांना म्हणाली, तुम्ही पण जा सोबत, फोडल्यावर मागं वळून बघू नका, सरळ घरी या आणि मग याला फाट्यावर सोडा.

आम्ही चालत गेलो. दगडाला नवा शेंदूर होता, लिंबं होती, कुणीतरी बाळाचं झबलंही ठेवलं होतं. ते झबलं बघून मला कसंतरीच झालं. आबांनी चपला काढल्या आणि हात जोडले. त्यांचे हात जोडलेले असतानाच मी बोललो.

"आबा, त्या दिवशी कुणी आडवं आलं नव्हतं."

त्यांनी हात खाली घेतले नाहीत.

"मी डोळे मिटले होते. वीटभट्टीपासून. लहानपणी मिटायचो तसे."

केळीच्या बागेत मोटार चालू होती. आबा बराच वेळ बाभळीच्या बुंध्याकडं बघत होते. साल निघाली होती तिथं आता काळपट डिंक धरला होता. मग त्यांनी विचारलं, "किती मोजलास?"

"नऊ."

ते हळूच मान हलवत राहिले, मनात रस्ता मोजत असल्यासारखे. "मोरी नवाच्या आत येती," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "टेम्पो दारात हुबा होता तवा सांगायचं होतंस."

"हाव."

"एक शब्द बोलला असतास."

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. ते चपला घालायला वाकले, एक चप्पल पायात गेली, दुसरी दोनदा चुकली. मी पिशवीतला नारळ हातात घेऊन उभा होतो. आता याचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

"फोड," आबा म्हणाले. "माय इचारील. तिला मी सांगतो, पण आज नको. सणाचं जेवलीय पोटभर, किती दिसांनी."

मी नारळ फोडला. पाणी दगडावरून ओघळून धुळीत गेलं. आम्ही परत फिरलो. मायनं सांगितलं होतं म्हणून दोघांनीही मागं बघितलं नाही, आणि नसतं सांगितलं तरी मला बघवलं नसतं. आबा पुढं चालत होते. वीटभट्टी येईपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत, मीही नाही. मला वाटलं, आता ते माझ्याशी कधीच धड बोलणार नाहीत, आणि ते बरोबरच होईल.

भट्टीजवळ त्यांची चाल थोडी मंदावली. मागं न बघताच त्यांनी विचारलं, "मुरूडला गेलतास म्हणं. बघितलीस का?"

"हाव."

"तिसऱ्यालाच लागती का अजून?"

मी हाव म्हणालो. त्यांना ऐकू गेलं असावं, कारण त्यांनी गमछा खांद्यावरून काढून हातात घेतला आणि घर येईपर्यंत तो तसाच हातात धरून ठेवला.