राईची वरची कड

मुळशी धरणाच्या वर, जिथं राई संपते आणि माथ्याचं उघडं गवत सुरू होतं, तिथल्या धनगरवाड्यात अंबाबाई मरगळे राहतात. वय सत्तरीच्या आसपास, शेरडं बावीस, आणि बोलणं तोडून टाकणारं. त्यांच्या वाट्याला सहसा कुणी जात नाही. गेल्या मे महिन्यात कैलास गेला.

कैलास हा खालच्या गावातला वन समितीचा अध्यक्ष. हिंजवडीकडच्या एका कंपनीनं ओळीनं तीन पावसाळे माथ्यावर रोपं लावली, खड्डे खणून, फोटो काढून. तिन्ही वेळा मे उजाडेपर्यंत त्यांच्या काड्या झाल्या. मग काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. भर सभेत कैलास म्हणाला, "अंबाकाकूची शेरडं रोपं खात्यात. पाऊस पडला की माथ्यावर चराई बंद."

चराई बंद म्हणजे शेरडं विकायची. आणि शेरडं विकली की अंबाबाईंच्या लेकानं, धनाजीनं, बावधनला कुठल्यातरी इमारतीच्या फाटकावर पहारा करायचा. सभेला नवी वनरक्षक समीक्षा आली होती. तिच्याकडं बघून त्या म्हणाल्या, "पोरी, हितं सतरंजीवर बसून काय कळणार? उद्या वर चल. आन ह्या अध्यक्षालाबी आण. डोंगर कसा आसतो ते इसरला आसंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं वर पोचली. कैलासचा श्वास भात्यासारखा चालला होता. अंबाबाईंनी एक वाळकं रोप उपटून समीक्षाच्या हातात दिलं.

"दात लागलाय का ह्याला? शेरडू शेंडा खुडतं, साल सोलतं. ही काडी हाय तशी हाय. वाऱ्यानं आन उन्हानं मेलीय."

"म्हणजे तुमची शेरडं रोपं खातच नाहीत, आजी?"

"खात्यात की! उघड्यावर हिरवं दिसलं तर शेरडू सोडंल व्हय? खोटं कशाला बोलू?"

कैलासनं लगेच मान वर केली. पण अंबाबाई पुढं निघाल्या होत्या. राईच्या कडेला करवंदाच्या जाळ्या विखुरलेल्या होत्या. त्यांनी एका जाळीत काठी घालून काटे बाजूला सारले. आत गुडघाभर उंचीचं अंजनीचं रोप उभं होतं, पानं तुकतुकीत. मे महिना असूनही बुडाशी पाला कुजून माती गार होती.

"हे तुम्ही लावलं, आजी?"

"मी कशाला? बुलबुल अंजनीचं फळ खातो, जाळीवर येऊन बसतो, बी तितंच टाकतो. काट्यात शेरडाचं तोंड जात न्हाई, वारं लागत न्हाई. रोप वाढतं, जाळीच्या डोक्यावरनं वर येतं. मग त्याच्या सावलीनं जाळी मरती. तवर वरल्या अंगाला दुसरी धरलेली आसती."

हे शहाणपण त्यांना फुकट मिळालं नव्हतं. नवी नवरी असताना शेरडांच्या वाडग्याला कुंपण हवं म्हणून त्यांनी कडेची एक जाळी तोडली होती. आत कमरेएवढी अंजनी निघाली, तेव्हा त्या हरखल्या. बिचारीला मोकळं केलं असं वाटलं. चैत्रापर्यंत ती उभ्यानं वाळली. सासरे येसाजी एवढंच म्हणाले, "पदराखालचं लेकरू वाऱ्यावर टाकलंस, पोरी." तो बोल अजून त्यांच्या काळजात आहे. तेव्हापासून कडेच्या जाळीला त्यांनी कोयता लावला नाही आणि वाड्यातल्या कुणाला लावू दिला नाही. त्यापायी सख्ख्या जावेशी दोन वर्षं अबोला धरला.

"धनाजी जलमला तवा राईची कड त्या काळ्या कातळाच्या खाली हुती," त्यांनी बोट दाखवलं. समीक्षा कातळापर्यंत उतरली आणि पावलं मोजत परत आली. एकशे चाळीस. मधल्या साऱ्या उतारावर अंजनी, हिरडा, जांभूळ दाटले होते. वाऱ्यानं बुटके ठेवलेले, पण मुळं रोवून उभे.

"पण ह्या जाळ्या वर कोण आणतं?" तिनं विचारलं.

अंबाबाईंनी वाकून एक सुकी लेंडी उचलली आणि तळहातावर चुरली. आतून करवंदाच्या चपट्या बिया निघाल्या. त्यांनी तो हात समीक्षापुढं नाही, कैलासपुढं धरला.

"माझी शेरडं."

कैलासनं एक बी उचलून बोटांत फिरवली. अंबाबाईंची छाती भरून आली होती. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत हे त्यांनी कुणाला दाखवलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

पुढच्या सभेत बंदीचा ठराव आलाच नाही. समीक्षानं सांगितलं की यंदा माथ्यावर एकही खड्डा खणायचा नाही. रोपं जाळ्यांच्या आत लावायची, आणि कुठल्या जाळीत ते अंबाबाई ठरवतील.

आषाढात उघडीप मिळाली तशी सगळे वर निघाले. पुढं बावीस शेरडं, त्यांच्या मागं अंबाबाई, आणि त्यांच्या मागं डोक्यावर रोपांची पाटी घेतलेला कैलास. पहिल्या जाळीपाशी तो थबकला. बोटाच्या पेराएवढे काटे बघून त्यानं हात मागं घेतला.

"काकू, हितं भाईर लावलं तर न्हाई का चालायचं?"

"न्हाई," अंबाबाई म्हणाल्या. "घाल हात."

कैलासनं बाही वर सारली आणि हात आत घातला.