अक्काची निवडणी

“मोठ्यांदा सांग गं. पत्र्याला ऐकू गेलं पायजे.”

असं म्हणून अक्का डाव्या हातानं कार्ड माझ्या नाकासमोर धरायची आणि उजव्या हातानं परातीतला बेदाणा निवडत राहायची. तिचा उजवा हात कधी थांबलेला मी पाहिला नाही. पत्रा म्हणजे आमच्या शेडचा पत्रा, चांगला उंच. माझा आवाज तेव्हा शेजारच्या परातीपर्यंतसुद्धा धड जात नसे. पत्रा कसला गाठतोय!

नव्वदच्या दशकातलं तासगाव. मी बारावी झाले होते, पुढं काय करायचं ते घरात ठरत नव्हतं, तोवर बेदाण्याच्या शेडवर निवडणीला जात होते. तुम्ही बेदाणा मूठमूठ खाल्ला असेल, पण निवडताना बघितला नसेल तर सांगते. बायका ओळीनं बसतात. पुढ्यात परात, बाजूला तीन पाट्या. काडी काढायची, दाणा बघायचा, टाकायचा. हिरवा एका पाटीत, पिवळा दुसरीत, काळा तिसरीत. एवढंच काम, पण त्याला डोळा बसावा लागतो.

अक्का माझ्या शेजारी बसायची. जतच्या पूर्वेला, पार कर्नाटकाच्या शिवेवर तिची वस्ती. नवरा मेंढरं घेऊन फिरतीवर, म्हणून ती तासगावात मावशीकडं राहून शेडवर येत होती. वय असेल तिशीच्या आतबाहेर. तिचं नाव शेडवर कुणी घेत नसे. ती सगळ्यांची अक्का, तिच्यापेक्षा मोठ्या बायकांचीसुद्धा. आणि खरं सांगते, तिचा रुबाबही तसाच होता. नवी पाटी आली की आधी अक्का बघणार, मग बाकीच्या.

तिची दहावी राहिली होती. बाकी सगळे विषय सुटले होते, एक इंग्रजी तेवढं अडलं होतं. लग्नाआधी अडलं ते अडलंच. आता तिच्या वस्तीवर अंगणवाडी मंजूर झाली होती आणि दहावी झालेली बाई वस्तीतलीच मिळाली तर तिला घेणार होते. नाही मिळाली तर तालुक्याहून कुणीतरी येणार.

“ती बाई यष्टीनं येणार,” अक्का म्हणायची. “आमच्याकडं यष्टी कवा येती, कवा येत न्हाई. आन् आली तरी पोरांशी मराठीत बोलणार. पोरांनी काय करायचं? माज्यासारकं गप बसायचं?”

तिच्या घरात सगळे कन्नड बोलायचे. पहिलीत ती वर्षभर तोंडातून शब्द काढू शकली नव्हती, कारण गुरुजी काय म्हणतात तेच कळत नव्हतं. गुरुजींनी मुकी समजून तिला मागच्या भिंतीला बसवलं होतं.

“मुकी! मी!” असं म्हणून ती एवढ्या जोरात हसायची की मुकादम दारातून डोकावून बघायचे.

कार्डांची कल्पना तिचीच. पुस्तक उघडून बसायला वेळ नाही आणि शेडवर पुस्तक आणलं तर मुकादम ओरडणार. मग मालकांच्या घरी लग्नसराईत येणाऱ्या पत्रिका तिनं मागून घेतल्या. पत्रिकेची एक बाजू छापलेली, एक कोरी. दोन पत्रिकांच्या छापील बाजू आत घालून खळीनं चिकटवायच्या आणि मग कापायच्या, म्हणजे दोन्ही अंगांनी कोरा जाड तुकडा तयार. एका बाजूला इंग्रजी शब्द, उलट बाजूला मराठी. अक्षर माझं, कारण तिच्या मते माझं वळण बरं होतं. चिकटवताना ती नावं वाचायची. “हिकडची नवरी पलूसची, तिकडचा नवरा कवठ्याचा. लावून टाकलं बघ लगीन.” अशी किती लग्नं आम्ही लावली त्याला गणती नाही, आणि सगळी न भांडता टिकली.

मग निवडणी. कार्ड दाखवायचं, उत्तर द्यायचं, उलटून बघायचं. फाडकन आलं तर हिरवा. अडखळत आलं तर पिवळा. नाही आलं तर काळा. मिठाईची तीन खोकी तिनं पाटीमागं ठेवली होती. काळ्या खोक्यातली कार्डं रोज, पिवळ्यातली आठवडी बाजाराच्या दिवशी.

आता माझी लेक मोबाइलवर असलीच कार्डं करते. शब्द येतो, ती बोट लावते, तो उलटतो, आणि मोबाइल विचारतो, सोपं गेलं की अवघड? परवा मला कौतुकानं दाखवत होती. मी म्हटलं, बाई, हे आम्ही बेदाण्याच्या शेडमध्ये केलंय. तिला वाटलं, आई चेष्टा करते.

अक्काचा एक नियम मात्र त्या मोबाइलमध्ये नाही. एक कार्ड तिला, एक मला. “मी एकटीनं उत्तरं द्यायला मी काय कोर्टात उभी हाय?” मला शब्द यायचे हो, बारावी झालेली मी. पण मी उत्तर दिलं की ती कान पुढं करायची, चेहरा वाकडा करायची आणि कार्ड सरळ काळ्यात टाकायची.

“अगं अक्का, बरोबर होतं की!”

“उत्तर हिरवं हाय. आवाज काळा.”

पुन्हा सांगायचं. पुन्हा काळा. मला इतका राग यायचा की एकदोनदा मी जागा बदलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. ती आपली परात उचलून मागोमाग आली.

हळूहळू सगळी ओळच नादाला लागली. मी कार्ड वर धरलं की अक्काच्या आधी पलीकडून कुणीतरी ओरडायचं. कधी शाळेत न गेलेल्या बायका “यस्टरडे म्हंजे काल!” म्हणून मोकळ्या. अक्का भडकायची. “तुमी गप बसा गं! नापास मी झालीया, का तुमी?” एकदा मुकादम आत आले. “काय शाळा भरवलीय काय गं हितं?” असं दरडावून म्हणाले. अक्का उठली नाही की दचकली नाही. आपली हिरव्याची पाटी पुढं सरकवून म्हणाली, “दादा, यात एक पिवळा दाणा काडून दाकवा, शाळा बंद.” मुकादमांनी हात घालून बराच वेळ शोधलं. मग “आवाज जरा कमी” एवढं म्हणून गेले. त्यांचं बोलणं आम्ही कुणीच मनावर घेतलं नाही.

मार्चात ती परीक्षेला गेली तेव्हा काळ्या खोक्यात एकही कार्ड उरलं नव्हतं. सगळे शब्द हिरवे. मला तर तिच्या पास होण्याची एवढी खात्री की मी पेढे कुठून आणायचे तेही ठरवून ठेवलं होतं.

जूनमध्ये निकाल लागला. इंग्रजी पुन्हा गेलं.

शाळेच्या फळ्यापाशी मी तिच्याकडं बघायला धजत नव्हते. ती मात्र रडली नाही. घरीसुद्धा गेली नाही. तशीच शेडवर आली, परात पुढ्यात ओढली. दुपारच्या भाकरीपर्यंत निवडत राहिली. मग म्हणाली, “पयल्याच उताऱ्यात नेबर आला. नेबर गं! पयल्या दिवशी हिरवा झालेला. मला वाटलं, हा तर आपला. बघते तर डोस्क्यात कायच न्हाई. नुसता पत्रा.”

दुसऱ्या दिवशी ती एक डबा घेऊन आली. दिवाळीला मालकांनी प्रत्येकीला थोडा बेदाणा दिला होता, तो तिनं वस्तीवर न्यायला म्हणून राखून ठेवला होता. डब्यातला बेदाणा तिनं माझ्या परातीत ओतला.

“निवड.”

मी बघितलं. सगळा काळपट. “हा काळ्यातला आहे.”

“दिवाळीला हिरवा हुता. मीच निवडलेला, एक नंबर.” ती दाणे बोटांनी पसरत राहिली. “मालक माल गार कोठीत ठेवत्यात म्हणून त्यो हिरवा ऱ्हातो. भाईर ठेवला की पावसाच्या हवेनं असा हुतो. आन् मी काय केलं? शब्द हिरवा झाला की खोक्यात घातला, झाकण लावलं, गाडी भरली. माज्या डोस्क्यात काय गार कोठी हाय व्हय?”

शेडवर काम करणारी बाईच अशी चूक करू शकते. निवडलेला माल पुन्हा कशाला बघायचा? तो आपल्यासाठी संपला. आम्ही दोघींनी हिरव्या खोक्याकडं कधी वळून बघितलं नव्हतं. अक्का मात्र त्या काळ्या बेदाण्याकडं बघून चक्क खूश झाली. आपण ढ नाही, आपली निवडणी चुकली, हे कळल्यावर तिच्या जिवाचा घोर गेला. तो बेदाणा आम्ही दुपारी शेंगदाण्याबरोबर खाल्ला. चवीला काही वाईट नव्हता.

त्या दिवसापासून नवा कायदा झाला. बाजाराच्या दिवशी हिरवं खोकं पालथं घालायचं आणि पहिल्यापासून निवडायचं. कोण काळा पडला, कोण पिवळा, सगळं बाहेर. नेबर तर ती येताजाता विचारून घ्यायची. सकाळी शेडचं दार उघडायच्या आधी मी लांबून म्हणायचे “नेबर?” आणि ती रस्त्यावरूनच ओरडायची “शेजारी!” रस्त्यातली माणसं वळून बघायची. तिला त्याचं काही नव्हतं.

ऑक्टोबरची परीक्षा शेवटचीच म्हणायची, कारण अंगणवाडीची जागा नव्या वर्षात भरणार होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी भीती मला, तिला नव्हे. “अक्का, येईल ना गं सगळं?” मी विचारलं. ती म्हणाली, “आलं न्हाई तर कळंल तरी, काय आलं न्हाई ते. गप बसणार न्हाई मी आता.”

निकालाच्या दिवशी तिनं गुणपत्रिका माझ्या हातात दिली. स्वतः बघितलीच नाही. आम्ही शेडच्या मधोमध उभ्या. सगळ्या बायकांचे हात थांबलेले. मुकादम दारात.

“वाच. मोठ्यांदा.”

मी वाचलं. माझा आवाज फुटेना.

“पत्र्याला!” ती म्हणाली.

“पास!” मी ओरडले. देवाशपथ, आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. पत्र्यानं तो आवाज मला परत दिला. मग जो कल्ला झाला त्यात माझा आवाज मलाच सापडेना. मुकादम “आवाज जरा कमी” म्हणाले आणि स्वतःच टाळ्या वाजवत सुटले. अक्कानं डोळ्यांना पदर लावला. रडताना मी तिला तेवढंच बघितलं.

जागा तिलाच मिळाली. आपलं अंथरूण-पांघरूण न्यायला ती परत एकदा तासगावला आली, तेव्हा मी स्टँडवर पोचवायला गेले. जतची गाडी लागलेली, भाजीच्या पाट्या, टपावर बोचकी, कंडक्टरची बेल, सगळा गोंधळ. ती खिडकीत बसली. तीनही खोकी मांडीवर. खोकी ती वस्तीवर नेणार होती. “पोरांना नवी कार्डं करीन, हिकडं कन्नड, तिकडं मराठी लिवीन,” म्हणत होती. मी नुसती खिडकीखाली उभी.

गाडी सुरू झाली. हलायला लागली. तेवढ्यात अक्कानं खोक्यात हात घातला आणि एक कार्ड खिडकीबाहेर धरलं. माझंच अक्षर. नेबर.

“सांग!”

मी गाडीबरोबर चालायला लागले. “शेजारी,” मी म्हणाले.

तिनं कान पुढं केला आणि मान हलवली. ऐकू गेलं नव्हतं, की गेलं होतं, देव जाणे. गाडी फाटकाकडं वळत होती.

“शेजारी!” मी ओरडले. अख्खा स्टँड माझ्याकडं वळला. केळीवाला, पोलीस, शाळेची पोरं, सगळे. मला त्याचं काही नव्हतं. “शेजारी! शेजारी गं अक्का!”

तिनं कार्ड उलटून बघितलं. तिला काय ठाऊक नव्हतं होय! पण तिनं नियमाप्रमाणं उलटून बघितलं आणि खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडली,

“हिरवा!”

गाडी जतच्या रस्त्याला लागली. मी शेडवर परत गेले. माझ्या शेजारची परात रिकामी होती, मी अक्काच्या जागी बसून ती जवळ ओढली.