अक्काच्या बाजूचं दार

वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात जाऊन बॉनेट न उघडणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, ते म्हणजे आमचे नाना. लोक इंजिन बघतात, टायर बघतात, किलोमीटरच्या आकड्यावर संशय घेतात. नाना सरळ मागच्या डाव्या दाराशी जायचे. दार उघडायचे, सोडून द्यायचे आणि डोळे मिटून ते लागल्याचा आवाज ऐकायचे. मग पुन्हा एकदा. विकणाऱ्याला वाटायचं, म्हातारा जाणकार दिसतोय, पत्र्याचा अंदाज घेतोय. तो लगबगीने चहा मागवायचा. नाना चहा प्यायचे, त्याचं गाव कोणतं, सोयरीक कुठली, पाऊस कसा आहे तिकडे, सगळी चौकशी करायचे आणि उठताना मला म्हणायचे, "चाल माय, हाई ती नही शे."

आणि मी चडफडत त्यांच्यामागून निघायची. उन्हात, पदर डोक्यावर घेऊन, ऑफिसातून अर्धी रजा टाकून.

नाना म्हणजे माझे मोठे काका. गाव नरडाण्याजवळचं, घरची शेती कापसाची. काकूला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. त्यांचा मुलगा भूषण पुण्यात नोकरीला, आणि मी लग्न होऊन जळगावात. मला गाडी चालवता येते, म्हणजे मला गाडीतलं कळतं, असा आमच्या घरात एक गैरसमज आहे. त्यामुळे भूषणने फोन करून सांगितलं, "ताई, नानांना चांगली जवळपास नवी गाडी बघून दे, पैशाचं मी बघतो," आणि तो सुटला. अडकले मी. नाना गेल्या वर्षी गेले, पण अजून कुठल्याही गाडीचं दार लागलं की माझं लक्ष जातं.

"घाई कोनले शे?" हे नानांचं रोजचं वाक्य. गाडी सुटायची वेळ झाली, घाई कोनले शे. कापूस वेचायला बाया आल्या नाहीत, घाई कोनले शे. जळगावहून मी पॅसेंजरने नरडाण्याला उतरले की ते स्टेशनाबाहेर त्यांच्या जुन्या निळ्या गाडीत बसलेले असायचे. मला बसवायचे आणि लगेच निघायचे नाहीत. गावाकडे जाणारं आणखी कोणी दिसतंय का बघायचे. एखादी म्हातारी, एखादा पिशव्या सांभाळणारा माणूस, सगळ्यांना भरून घेऊन मग गाडी हलायची. मी तोंड वाकडं केलं की हसायचे. ती गाडी गावात सगळ्यांचीच असल्यासारखी होती. फक्त एक जागा कधी कोणाला मिळायची नाही. मागची, डावीकडची. ती अक्काची.

अक्काला विसरायला व्हायला लागलं ते हळूहळू. आधी भाजीत मीठ दोनदा, मग चुलीवरचं दूध, मग माणसं. मी गेले की माझ्या गालावरून हात फिरवायची आणि विचारायची, "तू कोनी व माय?" मी बापाचं नाव सांगायची. ती म्हणायची, "हाव का, चांगलं शे," आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच. त्यात तिला साखरेचा आजार होता आणि पायाला जखम झाली. गावातला कंपाउंडर पट्टी बदलायचा, पण धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की मला पाय वरचेवर दिसला पाहिजे, नाहीतर हा पाय जाईल. त्यांनी ते इतक्या सरळ सांगितलं की नानांनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

पण अक्का कशात बसायची नाही. रिक्षा आणली, नाही. शेजाऱ्यांची मोठी गाडी आणली, नाही. एकदा चौघांनी धरून बसवायचा प्रयत्न केला तर ती अशी ओरडली की गल्ली गोळा झाली, आणि नानांनी सगळ्यांना हात जोडून परत पाठवलं. मात्र अंगणात निळ्या गाडीचं मागचं दार खडकन लागल्याचा आवाज आला की ती आपण होऊन उठायची, पदर सारखा करायची आणि जाऊन आपल्या जागेवर बसायची. तो आवाज तिच्या अंगात मुरलेला होता. म्हणून नाना बाजारात डोळे मिटून उभे राहायचे.

ही झाली त्यांनी सगळ्यांना सांगितलेली गोष्ट. भूषणला, मला, मेकॅनिकला. खरी गोष्ट मी एकदा त्यांच्याबरोबर धुळ्याला गेले तेव्हा कळली.

घरात अक्का नानांना ओळखायची नाही. कधी माहेरचा भाऊ समजायची, कधी सासरा समजून डोक्यावर पदर ओढायची, कधी नुसतंच "कोन शे?" पण गाडी गावाबाहेर पडून हायवेला लागली आणि मागून आवाज आला, "आयका ना. म्हैसले चारा टाकेल शे का?" मी चमकून मागे बघितलं. अक्का ताठ बसली होती, पूर्वीसारखी. म्हैस विकून कित्येक वर्षं झालेली. नाना म्हणाले, "टाकेल शे." मग तिने त्यांच्या मळलेल्या टोपीवरून त्यांना झापलं, भूषणला फोन केला नाही म्हणून झापलं, समोरच्या ट्रकच्या इतकं जवळ जाता म्हणून झापलं. आणि हा माणूस, बायकोने इतकं बोलल्यावर कुठलाही नवरा वैतागेल, पण हा आरशात बघून नुसता हसत होता. मी म्हणजे दोघांच्या मध्ये उगाच येऊन पडलेली पाहुणी. दवाखान्याच्या दाराशी ती उतरली, त्यांच्याकडे बघितलं आणि पुन्हा परकी झाली.

मग ती गाडीच संपली. सोनगीरच्या अलीकडे ब्रेक लागेना. नानांनी कशीबशी ती रस्त्याच्या कडेला मातीत घातली म्हणून दोघं वाचली. नरडाण्याच्या मेकॅनिकने खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, नाना, ही वरून गाडी आहे, खालून चाळण आहे. पार्ट मिळत नाहीत, कंपनीने हे मॉडेल कधीच बंद केलं, आणि बाईमाणसाला घेऊन आता हिच्यात बसू नका. नानांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

कोरी गाडी त्यांना नको होती. त्यांचं म्हणणं, कोऱ्या गाडीत प्लॅस्टिकचा वास असतो, अक्का त्याला बुजेल, थोडी वापरलेली गाडी माणसाळलेली असते. म्हणून आम्ही धुळं पालथं घातलं, मग जळगाव. एक गोष्ट मात्र कळली की आमच्या दोन जिल्ह्यांतल्या सगळ्या विकाऊ गाड्या डॉक्टरांच्या असतात. नाहीतर बँकेतल्या साहेबाच्या. आणि हे सगळे डॉक्टर आणि साहेब गाडी घरात झाकून ठेवून पायी हिंडत असावेत, कारण प्रत्येक गाडी नुसती सणाला बाहेर काढलेली. "शोरूम कंडिशन आहे नाना, सिंगल हँड." नाना सगळ्यांवर विश्वास ठेवायचे आणि एकही घ्यायचे नाहीत. शिवाय गाड्या सगळ्या पांढऱ्या. खानदेशच्या उन्हात कोण निळी गाडी घेतो?

जळगावात एका आवारात मी शेवटी चिडले. सकाळपासून पाच-सहा ठिकाणी दारं आपटून झाली होती. मी म्हटलं, "नाना, तसा आवाज कुठल्याच नव्या गाडीला येणार नाही. हल्ली दारं मऊ लागतात. ब्रेक चांगले आहेत, ती सुखरूप दवाखान्यात पोचेल, एवढं बास नाही का?"

ते एका पांढऱ्या गाडीला टेकून उभे होते. म्हणाले, "घरमा मी तिना कोनीच नही ऱ्हास, माय. कव्हय भाऊ, कव्हय सासरा. पन त्या गाडीमा बसनी का मी तिना नवरा ऱ्हास. धुळं येस तवलोंग." धुळं येईपर्यंत. बास, तेवढं त्यांना हवं होतं. गाडी विकणारा लांबून हात हलवून विचारत होता, काय ठरलं? मी त्याला हातानेच थांब म्हटलं आणि नाना रुमालाने तोंड पुसत राहिले.

अखेर एक निळी सापडली. त्याच कंपनीची, फार वापरलेली नाही, रंगही बराचसा तसाच. दार मात्र मऊ लागायचं, उशीवर काही पडावं तसं. नानांनी ते तीन-चारदा लावून बघितलं आणि म्हणाले, घेऊ. मला त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना. घरी नेल्यावर त्यांनी जुन्या गाडीची सीट कव्हरं काढून हिच्यावर चढवली, तंग होती तरी. अक्काची गोधडीची घडी तिच्या जागेवर ठेवली. डॅशबोर्डवरचा गणपती हिच्यात हलवला. जुनी गाडी गोठ्यामागे नेऊन लावली, ताडपत्री टाकली.

नानांचा एका गोष्टीवर फार भरवसा होता. आमच्याकडे घरात काहीही आलं, बैलजोडी, मोटरपंप, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, की आधी घरच्या लक्ष्मीच्या हातचं हळदकुंकू लागतं, आणि मग ती वस्तू घरची होते. अक्काने आयुष्यभर हे केलं होतं. "तिना हातनं हयदकुकू लागनं का ती चीज तिनी," नाना मला म्हणाले. इतक्या आशेने म्हणाले की मीच ताट तयार केलं.

आणि अक्काने पूजा केली. अगदी सुरेख केली. हात काही विसरले नव्हते. बॉनेटवर स्वस्तिक काढलं, अक्षता वाहिल्या, औक्षण केलं, चाकाखाली लिंबू ठेवायला खूण केली. नाना नारळ फोडून उभे होते, लहान मुलासारखे तिच्या तोंडाकडे बघत. तिने ताट माझ्या हातात दिलं, त्यांच्याकडे वळली आणि शेजारधर्माने म्हणावं तसं म्हणाली, "चांगली गाडी लिधी, भाऊ. सुखमा वापरा." आणि ओट्यावर जाऊन बसली. आपली गाडी यायची आहे म्हणाली.

आम्ही खूप समजावलं. अक्का, हीच आपली गाडी. तिने ऐकून घेतलं आणि मान हलवली, येडं माणूस बोलतंय तर बोलू द्यावं तशी. संध्याकाळी पट्टी सोडली तर जखमेला वास येत होता. दुसऱ्या दिवशी धुळ्याला जाणं भाग होतं. भूषण फोनवर रडकुंडीला आलेला. मी म्हटलं, नाना, उचलून घालू. नाना म्हणाले, नाही.

सकाळी त्यांनी टोपी घातली, गाडी ओट्यासमोर आणून उभी केली, काच खाली केली आणि परक्या बाईशी बोलावं तसं अदबीने विचारलं, "अक्का, मी धुळे जाई ऱ्हायनू. येतस का संगे? दवाखानापाशी सोडी देसू."

अक्काने जरा विचार केला. मग उठली, पदर सारखा केला आणि माझा हात धरून गाडीत बसली. इतकं सोपं होतं ते. मी पुढे बसले आणि नानांकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर ती त्या गाडीत दर वेळी बसली आणि तिचा पाय वाचला, हे सांगून टाकते. आता ती भूषणकडे पुण्याला आहे, अजून चालते. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणत राहिलात म्हणून वाचला.

पण त्या पहिल्या दिवशी नाना सगळा रस्ता ताठ बसून होते. आरशात बघत नव्हते. मागून कोणी ट्रकवरून झापत नव्हतं. बऱ्याच वेळाने अक्काने विचारलं, "तुमनं गाव कोनतं, भाऊ?"

"आठलंच शे, अक्का."

"पोरंसोरं?"

"एक आंडोर शे. पुनाले."

"मना बी पुनालेच शे," अक्का खूश होऊन म्हणाली. नाना म्हणाले, "हाव का."

परत येताना ऊन कलतं झालं होतं. पायाला नवी पट्टी, अंगात इंजेक्शन, त्यामुळे तिला डुलकी लागली असावी असं मला वाटलं. नरडाण्याचा फाटा दिसायला लागला तशी ती एकदम पुढे झाली आणि नानांच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "भाऊ, जराक बेगिन चालाडज्यात. मना घरना मानूस वाट देखत व्हई. मी नही दिसनू का त्या जेवतस नही."

नानांनी गाडीचा वेग थोडा वाढवला.

"हाव, अक्का," ते म्हणाले. "पोचाडी देसू तुमले."