थोरल्या मिस्त्रींसाठी आणलेला मासा

धाकट्या मिस्त्रींना साठ वर्षं पूर्ण झाली तरी गल्लीत त्यांना धाकटेच म्हणत. कारण थोरले मिस्त्री अजून होते. फ्रीज दुरुस्तीचं ते दुकान थोरल्यांनी काढलं, चाळीस वर्षांपूर्वी धाकटे त्यांच्या हाताखाली शिकायला आले, पुढे दुकान त्यांच्याच गळ्यात पडलं. नाव मात्र जे चिकटलं ते चिकटलं. नातवंडांच्या वयाची गिऱ्हाइकंसुद्धा फोन करून विचारायची, "धाकटे मिस्त्री आहेत का?" आणि पिकल्या मिशांचे धाकटे मिस्त्री म्हणायचे, "बोला, मीच."

खरं तर धाकट्यांना त्यांच्या वडिलांनी एका कचेरीत चिकटवून दिलं होतं. खुर्ची होती, पंखा होता. पण एकदा घरचा फ्रीज बिघडला म्हणून ते थोरल्यांच्या दुकानात गेले आणि तिथे एक गोष्ट ऐकून बसले. थोरले मिस्त्री तरुणपणी म्हणे जहाजावर होते, शीतगृहाच्या कामावर. दोन वर्षं. तिथे धुरी दिलेला सॅल्मन मासा यायचा. गुलाबी, आणि इतका पातळ कापलेला, की काप वर्तमानपत्रावर ठेवला तर खालची अक्षरं वाचता यावीत. शेवटच्या दिवशी कॅप्टनने स्वतःच्या ताटातला एक काप थोरल्यांना दिला. "जिभेवर ठेवला आणि विरघळला. गोड, रे, गोड! तुझ्या हातातली थंडी चांगली आहे, असं कॅप्टन मला म्हणाला."

हातातली थंडी! धाकट्यांना त्या दोन शब्दांनी झपाटलं. पुढच्याच महिन्यात त्यांनी खुर्ची सोडली. वडील वर्षभर बोलले नाहीत.

गेल्या वर्षी मुलीने आणि जावयाने साठाव्या वाढदिवसाला त्यांच्या हातात क्रूझची तिकिटं ठेवली. नऊ दिवस, थंड समुद्र, दोघांसाठी खिडकीवाली खोली. त्यांची बायको, म्हणजे गल्लीच्या काकू, हरखल्या. धाकटे मिस्त्री म्हणाले, "नऊ दिवस मी करू काय?"

"बसा," काकू म्हणाल्या. "बाकीची माणसं बसतात तसे."

बसणं त्यांना जमलं नाही. पहिल्या दिवशी त्यांनी खोलीतला छोटा फ्रीज उघडला, खिशातला थर्मामीटर आत ठेवला आणि दहा मिनिटांनी जाहीर केलं, "अकरा डिग्री. हा फ्रीज नाही, गार दिसणारं कपाट आहे." दुसऱ्या दिवशी सगळी मंडळी डेकवर ऊन खात असताना ते भिंतीला कान लावून कॉम्प्रेसरचा आवाज कुठून येतो ते शोधत होते. खोली आवरणाऱ्या माणसाला त्यांची दया आली असावी. त्याने भांडारप्रमुखाशी गाठ घालून दिली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी धाकट्या मिस्त्रींनी जहाजाच्या पोटातली शीतगृहं पाहिली. एकामागून एक सात खोल्या, हातभर जाडीची दारं, प्रत्येक दारापाशी तापमानाची वही. ते वर आले तेव्हा काकूंना वाटलं, नवऱ्याला देव भेटला.

पाचव्या दिवशी जहाज एका लहानशा बंदराला लागलं. धक्क्यापासून वर जाणाऱ्या रस्त्यावर लोकरीच्या टोप्यांची दुकानं होती, पण धाकट्यांचं नाक वेगळ्याच दिशेला वळलं. लाकडाचा धूर येत होता. वासाच्या मागे मागे ते एका माशांच्या दुकानात पोहोचले. मागच्या बाजूला धुराची कोठी, पुढे काचेचं कपाट, आणि कपाटात तो. गुलाबी, कागदासारखा.

"अहो," काकू हळूच म्हणाल्या, "हाच ना तो थोरल्यांचा?"

धाकट्यांनी मान डोलावली. थोरले आता चौऱ्याऐंशीचे. पडल्यापासून अंथरुणाला खिळलेले. त्यांना जगातली एक वस्तू आणून द्यायची म्हटली तर दुसरी कुठली?

दुकानाची मालकीण आडव्या बांध्याची, हात कोपरापर्यंत लाल. तिने चटकन एक खोका पुढे केला. "प्रवासी लोकांनी हा न्यावा. शिजवलेला असतो, बाहेर राहतो, महिने टिकतो."

"आणि तो, कपाटातला?"

"तो गार धुरातला. आच दाखवलेली नाही. पातळ कापून, हवा काढून बंद करते. पण त्याची थंडी सुटता कामा नये. घर किती लांब?"

"चार दिवस जहाज, मग एक दिवस बस."

"मग खोका घ्या," ती म्हणाली.

"बाई," धाकटे मिस्त्री म्हणाले, "आयुष्यभर मी दुसरं काही केलेलं नाही. थंडी सुटणार नाही."

मालकिणीने त्यांना नीट निरखलं. धाकट्यांनी थर्मामीटर पुढे केला. "तुमच्या कपाटाचं बघू का? कॉम्प्रेसर मघापासून एकदासुद्धा थांबलेला नाही."

"तो कधीच थांबत नाही."

"थांबायला हवा."

काकूंनी कपाळाला हात लावला. पुढे काय होणार ते त्यांना पाठ होतं. झालंही तसंच. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं गेलं, मागच्या जाळीवर साचलेला धुळीचा आणि काजळीचा गालिचा ब्रशने निघाला, दाराचं रबर एका कोपऱ्यात सुटलं होतं ते गरम पाण्याच्या फडक्याने शेकून बसवलं गेलं. अर्ध्या तासाने कॉम्प्रेसर थांबला. दुकानात एकाएकी इतकी शांतता पसरली, की मालकीण दचकून कपाटाकडे बघायला लागली.

"बंद पडलं?"

"नाही. विश्रांती घेतंय."

मग तिने कपाटातला तयार माल दिला नाही. आतून एक अख्खा मासा आणला, लांब लवचिक सुरीने त्यांच्यासमोर काप काढले, तीन पाकिटं भरली. दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत ती दारात उभी होती.

"जहाजातून उतरूनसुद्धा कुणाच्या तरी फ्रीजच्या मागेच शिरलात," काकू म्हणाल्या. पण रागाने नाही.

जहाजावर बाहेरचं खाणं खोलीत ठेवायला मनाई होती. भांडारप्रमुख मात्र आता मित्र झाला होता. तिन्ही पाकिटं खोलीच्या नंबराची चिठ्ठी लावून चौथ्या शीतगृहात गेली. उतरल्यावर जाड पेटी, बर्फाच्या सहा पिशव्या, मध्ये थर्मामीटर. बसमध्ये धाकटे दर दोन तासांनी पेटीचं झाकण बोटभर उघडून आत डोकावत. शेजारच्या प्रवाशाने शेवटी घाबरत विचारलं, "आत काही जिवंत आहे का?"

घरी पोहोचले तेव्हा पारा तीनवर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच धाकटे थोरल्यांकडे गेले. घर थोरल्यांची सूनबाई सांभाळायची. मागच्या खोलीत खिडकीशी पलंग, उशाशी औषधांची टोपली. थोरले सुकून लाकडासारखे झाले होते, डोळे मात्र तसेच तरतरीत.

"काय रे, समुद्र गार होता का?"

"मिस्त्री, डोळे मिटा."

सूनबाईने पांढरी बशी आणली. धाकट्यांनी पाकीट कापलं, काप एकेक करून सुटे मांडले. खोलीभर धुराचा वास पसरला. थोरल्यांनी डोळे उघडले. एका कापाला बोट लावलं आणि मागे घेतलं.

"सूनबाई, जरा चहा टाकतेस का?"

ती गेल्यावर थोरले म्हणाले, "दार लोटून घे."

धाकट्यांनी दार लोटलं.

"मी जहाजावर कधी नव्हतो."

धाकट्यांना वाटलं, म्हातारपणाने विसरले. "असं काय, मिस्त्री? दोन वर्षं होतात की. कॅप्टनने..."

"कॅप्टन लांबून पाहिलाय. टोपी तेवढी दिसली." थोरल्यांचा आवाज बारीक पण स्पष्ट होता. "धक्क्यावर हमाल होतो मी. दोन महिने. जहाजाच्या शिडीपर्यंत खोके न्यायचे, तिथून पुढे त्यांची माणसं. एकदा एक खोका फुटला, तेव्हा हे दिसलं. वास आला. मुकादमाने हाकललं. बस, एवढंच."

"मग ती गोष्ट?"

"दुकान काढलं तेव्हा काम येत होतं, पण मला धड सहीसुद्धा येत नव्हती. माझ्या हातात कोण आपला महागाचा फ्रीज देणार? एकाला सांगितलं, जहाजावर होतो. त्याने दिला. मग दुसऱ्याला सांगितलं. काप, कॅप्टन, ते सगळं नंतर जमत गेलं. तू ऐकायला आलास तोवर पक्कं झालं होतं. तू असे डोळे करून ऐकायचास की मलासुद्धा खरं वाटायचं."

धाकटे स्टुलावर बसले. कचेरीतली खुर्ची त्यांना आठवली. वर्षभर अबोल राहिलेले वडील आठवले. वडील जेवताना मान खाली घालून उठून जायचे. हे सगळं एका हमालाने खोक्याच्या फटीतून पाहिलेल्या माशापायी? चाळीस वर्षं त्यांनी ती गोष्ट गिऱ्हाइकांना सांगितली होती, मुलीला झोपवताना सांगितली होती.

"आज का सांगितलंत?" त्यांनी विचारलं. "खाऊन टाकायचा आणि म्हणायचं, हाच तो. मला काय कळणार होतं?"

"तू एवढ्या लांबून आणलास." थोरले खिडकीकडे बघत म्हणाले. "तुझ्यासमोर पुन्हा खोटा घास घ्यायचा? ते काही झालं नाही माझ्याने."

स्वयंपाकघरात कपांचा आवाज येत होता. धाकट्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. तांब्याची नळी जोडताना आच कुठे धरायची, साबणाच्या फेसाने गळती कशी पकडायची, पंख्याच्या आवाजावरून दुखणं कसं ओळखायचं, यातलं काहीच खोटं नव्हतं. ते याच माणसाने मनगट धरून शिकवलं होतं. राग गेला नाही, पण त्याला बसायला जागा सापडेना.

"आता खरा घास घ्या," ते म्हणाले आणि त्यांनी काप उचलून थोरल्यांच्या तोंडात दिला.

थोरल्यांनी डोळे मिटले. जबडा हळूहळू हलला. मग कपाळाला आठ्या पडल्या.

"खारट आहे की रे!"

"आहेच खारट."

"आणि मी जन्मभर गोड सांगत आलो." थोरले हसायला लागले, हसता हसता खोकायला लागले. धाकट्यांनी त्यांची पाठ चोळली आणि स्वतःही हसले. सूनबाई चहा घेऊन आली तेव्हा दोघांचेही डोळे पाणावलेले, आणि बशीतले चार काप संपलेले.

तिने बशी उचलल्यावर थोरल्यांनी विचारलं, "तू पाहिलंस का, शीतगृह? आतून?"

"पाहिलं."

"सांग."

धाकट्यांनी औषधाच्या कागदामागे सातही खोल्या काढून दाखवल्या. भाजी कुठे, दूध कुठे, मासे कुठे, पाणी निथळायची वाट कुठे. थोरले शिकाऊ माणसासारखे ऐकत होते, मध्येच बोट ठेवून विचारत होते.

"दार आतून उघडतं का? माणूस अडकला तर?"

"उघडतं. आत मूठ आहे, अंधारात चमकणारी."

"हे बरं केलंय," थोरले म्हणाले.

घरी येऊन धाकट्यांनी काकूंना सगळं सांगितलं. काकू वाटाणे सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"मला माहीत होतं. त्यांची बायको एकदा बोलून गेली होती. आपली मुलगी रांगत होती तेव्हा."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"त्या गोष्टीवर तुम्ही खुर्ची सोडलीत. मग ती गोष्ट पण काढून घेऊ?"

धाकटे तिच्या शेजारी बसून वाटाणे सोलू लागले.

दर गुरुवारी थोरल्यांकडे जायचा त्यांचा परिपाठ पडला. दुसऱ्या गुरुवारी थोरल्यांनी जहाजाची इंजिनखोली कशी असते ते विचारलं. धाकट्यांच्या हातात पेन्सिल होती, कागद होता, आणि समोर ते दोन तरतरीत डोळे. इंजिनखोलीत त्यांना कुणी सोडलं नव्हतं.

"ती मी पाहिली नाही, मिस्त्री," ते म्हणाले.